पार्श्वभूमी : पतसंस्थेच्या ‘इतर सेवा’ नेमक्या कोणासाठी?

नागरी पतसंस्थेच्या उपविधींचे, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमांचे, पुस्तक उघडले की पहिल्या काही पानांतच ‘उद्देश’ येतात. सभासदांना काटकसरीची सवय लावणे, सभासदांकडून ठेवी घेणे, सभासदांना कर्ज देणे असे एकेक कलम उतरत जाते आणि शेवटी बहुधा एक ढगळ ओळ असते : वरील उद्देश साध्य होण्यासाठी आवश्यक व पूरक अशी इतर सर्व कामे करणे. नाशिक जिल्ह्यातल्या पतसंस्थांनी गेल्या काही दशकांत जे जे जास्तीचे सुरू केले, लॉकर, वीजबिल भरणा, विमा, आरटीजीएस, अलीकडे क्यूआर कोड, ते सगळे या एका ओळीच्या खुंटीला टांगलेले आहे. ती ओळ पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या डोक्यात यातले एकही नसणार.

भांडण खरे तर ‘पूरक’ या शब्दावरून व्हायला हवे होते. झाले ते दुसऱ्याच शब्दावरून. यादीतले जवळपास प्रत्येक कलम ‘सभासदांना’ किंवा ‘सभासदांकडून’ असे सुरू होते. काउंटरवर उभा असलेला माणूस सभासद आहे का, हे सहकार खाते विचारते, आयकर खाते विचारते, रिझर्व्ह बँकही विचारते, आणि तिघांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

१९०४, १९१२ आणि मुंबई प्रांताचा १९२५ चा हे तिन्ही सहकार कायदे इथे ओलांडून जाऊ. पतपेढीने कर्जाखेरीज आणखी काय काय द्यावे, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडलेलाच नव्हता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, अंमल २६ जानेवारी १९६२ पासून. त्याच्या कलम २४ ने ‘नाममात्र सभासद’ करून घेण्याची वाट ठेवली : मत नाही, नफ्यात वाटा नाही, व्यवहारापुरते नाव.

रेघ ओढली गेली ती १ मार्च १९६६ ला. बँकिंग नियमन कायदा त्या दिवसापासून सहकारी क्षेत्राला लागू झाला. या कायद्यातली बँकिंगची व्याख्या अशी की, कर्ज देण्यासाठी किंवा गुंतवण्यासाठी जनतेकडून ठेवी घेणे, आणि त्या मागताक्षणी वा मुदतीने परत करायच्या, चेकने, ड्राफ्टने किंवा अन्य मार्गाने काढता येतील अशा असणे. हाच मुख्य धंदा असलेल्या पतसंस्थेचे वसूल भागभांडवल व राखीव निधी मिळून १ लाखावर गेले, की तिने तीन महिन्यांत बँकेच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. १ लाख म्हणजे आज सिडकोतल्या एखाद्या गल्लीतली भिशी. त्यामुळे पतसंस्थेच्या अस्तित्वाचा सगळा भार ‘जनतेकडून’ या एका शब्दावर येऊन पडला. आम्ही जनतेकडून घेत नाही, सभासदांकडून घेतो, म्हणून आम्ही बँक नाही. हा बचाव आजतागायत तोच आहे.

तो पहिल्यांदा झिजला वीजबिलाच्या रांगेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी वस्त्या वाढल्या, त्या वस्त्यांत पतसंस्थांच्या शाखा निघाल्या, आणि वीज मंडळाला बिले गोळा करायला जागोजागी खिडक्या हव्या होत्या. पतसंस्थेकडे खिडकी होती, कॅशियर होता, संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे राहायची तयारी होती. मिळणारे कमिशन किरकोळ, पण रांगेतल्या दहातला एक जरी आत येऊन दैनंदिन ठेवीचे खाते उघडून गेला तरी सौदा परवडायचा. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली, तरी खिडक्या चालू राहिल्या. रांगेत उभे असलेले लोक मात्र सभासद नव्हते, आणि कोणी त्यांना तसे विचारलेही नाही. लेखापरीक्षकाने लिहिलेच तर दोष दुरुस्ती अहवालात ‘सेवा सभासदांपुरती मर्यादित असल्याबाबत खुलासा करावा’ असा शेरा यायचा आणि पुढच्या वर्षी तोच शेरा पुन्हा. २००७ च्या आसपास शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या पतसंस्था धडाधड अडचणीत आल्या, तेव्हा सगळ्यांचे लक्ष थकीत कर्जांकडे गेले. इतर सेवांकडे पाहायला कोणाला वेळ नव्हता.

आता नाममात्र सभासद. सगळा गुंता इथेच आहे, म्हणून थोडे थांबू.

गोडीबार छाटणी उरकली की द्राक्षबागेला औषधांचा खर्च सुरू होतो. दिंडोरीकडची एखादी बाई दोन तोळ्यांची पोत घेऊन पतसंस्थेच्या शाखेत येते. सराफ कसोटीच्या दगडावर सोने घासून पाहतो, वजन करतो, चिठ्ठी लिहितो. पोत कापडी पिशवीत जाते, पिशवीवर लाखेचे सील बसते. या सगळ्याआधी तिच्यापुढे अर्ध्या पानाचा एक अर्ज सरकवलेला असतो. वर फोटो, खाली ‘मला संस्थेचे उपविधी मान्य आहेत’, त्याखाली सही. ती वाचत नाही, वाचायचे कारणही नाही. त्या सहीने ती नाममात्र सभासद झाली. कर्ज फिटले, पोत गळ्यात आली, की तिचा संस्थेशी संबंध संपला. नाव मात्र रजिस्टरात राहते. पुढे मुलीच्या लग्नासाठी तिने त्याच शाखेत मुदत ठेव ठेवली, तर ती सभासदाची ठेव म्हणायची की जनतेची?

सहकार कायद्याच्या १९६० च्या मूळ व्याख्येत ‘सभासद’ या शब्दात नाममात्र सभासदही धरलेला आहे. संस्थांनी तो आधार घट्ट धरला. आयकर खात्याला तो कधीच पटला नाही. १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ८० पी हे त्यांच्या वादाचे मैदान. बँकिंगचा धंदा करणाऱ्या किंवा सभासदांना पतपुरवठा करणाऱ्या सहकारी संस्थेला त्या उत्पन्नाची पूर्ण वजावट मिळायची. १ एप्रिल २००७ पासून पोटकलम ४ आले आणि सहकारी बँकांची वजावट गेली. शेतीच्या प्राथमिक पतपुरवठा संस्था तेवढ्या वगळल्या. त्या दिवसापासून प्रत्येक पतसंस्थेला दरवर्षी सिद्ध करावे लागते की ती बँक नाही.

हैदराबादच्या एका संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली निकाल दिला तो संस्थांच्या छातीत धडकी भरवणारा होता. संस्थेचा बराचसा व्यवहार नावापुरत्या सभासदांशी, म्हणजे खरे तर सर्वसामान्य जनतेशी होता. ज्या कायद्याखाली ती नोंदली होती त्यात अशा सभासदाला जागा नव्हती, सबब वजावट नाही. नाशिकमध्ये त्यानंतर सनदी लेखापालांकडे नोटिसा घेऊन आलेल्या सचिवांची रीघ लागली. जवळपास साडेतीन वर्षांनी, १२ जानेवारी २०२१ ला, केरळमधल्या संस्थांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने दिशा बदलली. कलम ८० पी सहकाराच्या प्रोत्साहनासाठी आहे, ते उदारपणे वाचावे. राज्याचा कायदा नाममात्र सभासदाला सभासद मानत असेल तर आयकर खात्यानेही मानावे. आणि बिगर-सभासदांशी काही व्यवहार झालाच, तर तेवढ्या भागाची वजावट जाईल, सगळी नाही. संस्थांच्या कार्यालयांत हा निकाल झेरॉक्स काढून वाटला गेला.

ती झेरॉक्स वर्षभरही टिकली नाही. २२ नोव्हेंबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की काही सहकारी संस्था बिगर-सभासद, नाममात्र सभासद आणि सहयोगी सभासद यांच्याकडून ठेवी घेत आहेत आणि हे बँकिंग करण्यासारखेच आहे, म्हणजे कायद्याचा भंग. अशा संस्थांतल्या ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण नाही, हेही सांगितले. बँकांच्या ठेवींचा विमा त्याआधीच, फेब्रुवारी २०२० मध्ये, १ लाखावरून ५ लाखांवर गेला होता, त्यामुळे ती तुलना ठेवीदारांच्या चांगलीच लक्षात राहिली.

म्हणजे एकाच वर्षात, अकरा महिन्यांच्या आत, दिंडोरीची ती बाई कराच्या कारणासाठी सभासद ठरली आणि ठेवीच्या कारणासाठी जनता. कायद्याच्या भाषेत दोन्ही भूमिकांना आधार आहे. तरी मला यात संस्थांपेक्षा कायदा करणाऱ्यांचा आळस जास्त दिसतो. १९६६ ला लागू झालेली बँकिंगची व्याख्या आणि १९६० ची सभासदाची व्याख्या एकमेकींसमोर ठेवून मिटवायचे काम साठ वर्षांत कोणी अंगावर घेतले नाही. संस्थाही साव नाहीत. अर्ध्या पानाचा अर्ज ही त्यांनी स्वतःच काढलेली पळवाट होती.

इतर सेवांचे काय होते, ते लॉकरवरून कळते. लॉकरचे भाडे हे बँकिंगचेच उत्पन्न, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गुजरातमधल्या एका जिल्हा सहकारी बँकेच्या बाजूने दिला होता. पतसंस्थेने तो निकाल दाखवायचा म्हटला तर ती स्वतःच बँक असल्याची कबुली देते आणि पोटकलम ४ खाली जाते. नाही दाखवला तर लॉकरचे भाडे ‘इतर कामां’त पडते, आणि तिथे वजावटीची मर्यादा ५० हजार रुपये. एका मध्यम शाखेचे वर्षाचे लॉकरभाडेच त्याहून जास्त भरू शकते. ग्राहकाच्या बाजूनेही तसेच. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाल्यास बँकेवर वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत जबाबदारी टाकली, पण हे नियम बँकांना. रविवार कारंजावर एका भिंतीला लागून बँक आणि पतसंस्था असतील, दोन्हींकडे त्याच कारखान्याचे कपाट असेल, एक किल्ली ग्राहकाकडे आणि एक शाखेत अशी पद्धतही तीच असेल, तरी करारातली जबाबदारी वेगळी.

पैसे पाठवण्याची सेवा नोटाबंदीने लादली. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर सहाच दिवसांत जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली, आणि ज्या पतसंस्थांचा पैसा जिल्हा बँकेत होता त्यांची दोन्हीकडून कोंडी झाली. त्याच हंगामात लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समित्यांत कांद्याचे पैसे रोखीऐवजी धनादेशाने, मग आरटीजीएसने येऊ लागले. व्यापारी हिशेबपट्टीवर आयएफएससी कोड, म्हणजे बँकेच्या शाखेचा ओळख क्रमांक, मागू लागला. पतसंस्थेला स्वतःचा कोड नसतो. ती चेकवर देणेकरी बँक म्हणून उभी राहू शकत नाही, खातेदाराला पैसे काढायची स्लिप देते. तोड निघाली ती आभासी खाते क्रमांकाची. एखाद्या बँकेत संस्थेचे एक खाते, त्याखाली प्रत्येक सभासदाला लांबलचक क्रमांक, कोड त्या बँकेचा. शेतकऱ्याला वाटते पैसे पतसंस्थेत आले. कागदावर ते बँकेत, संस्थेच्या नावावर आलेले असतात. बँकेने करार मोडला किंवा तिच्यावरच निर्बंध आले, तर काय, याचे उत्तर उपविधींत नाही.

विम्याचे त्या मानाने सोपे. विमा नियामकाने २०१५ च्या नियमांत सहकारी संस्थेला कॉर्पोरेट एजंट, म्हणजे विमा कंपन्यांच्या पॉलिसी विकणारी संस्था, होण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली. जीवन, सर्वसाधारण, आरोग्य अशा प्रत्येक विमा प्रकारात तीन कंपन्यांची मर्यादा २०२२ मध्ये नऊवर नेली. जीएसटीची मेख मात्र अनेकांना उशिरा कळली. कर्जावरचे व्याज करमुक्त असले तरी एकूण उलाढालीत मोजले जाते. फक्त व्याज कमावणाऱ्या संस्थेला नोंदणी लागत नाही. पण व्याजाची उलाढाल २० लाखांवर असताना लॉकरचे चार रुपये भाडे आले, की नोंदणी घ्यावी लागते आणि त्या चार रुपयांवर १८ टक्के.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने गावोगावच्या विकास संस्थांसाठी, म्हणजे शेतीला कर्ज देणाऱ्या प्राथमिक सोसायट्यांसाठी, आदर्श उपविधी पाठवले. त्यांत पंचविसाहून अधिक कामे मोकळी केली : गोदाम, पेट्रोल पंप, गॅस वितरण, जनऔषधी दुकान, सामायिक सेवा केंद्र. निफाड तालुक्यातली सोसायटी उद्या औषधे विकू शकते, आणि त्याच रस्त्यावरची पतसंस्था वीजबिल घेते म्हणून खुलासा लिहीत बसते. पतसंस्थावाल्यांचा यावरचा राग ऐकण्यासारखा असतो. त्याला उत्तर असे दिले जाते की विकास संस्थेचे सभासद गावातलेच, भाग घेतलेले, मतदार यादीतले. म्हणजे फिरून पुन्हा सभासदच.

म्हणून काही संस्थांनी नाममात्र हा प्रकारच कमी करत आणला आहे. सोनेतारणाला आलेल्या माणसाकडूनही भागाची रक्कम घेऊन त्याला नियमित सभासद करायचे. त्याने करवाल्यांचे तोंड बंद होते, पण मतदार यादी फुगते आणि संचालकांच्या निवडणुकीची गणिते बदलतात. त्यात राज्याच्या सहकार कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीने क्रियाशील सभासदाची अट आणली : पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजेरी आणि संस्थेच्या सेवांचा किमान वापर. पुढे या तरतुदीत फेरबदल होत गेले, पण तेवढ्या काळात वार्षिक सभांमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जायचा : दर महिन्याला इथे वीजबिल भरतो, तो सेवेचा वापर धरणार का? अध्यक्ष सचिवाकडे बघायचे, सचिव लेखापरीक्षकाकडे, आणि विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय पुकारला जायचा.