कुलपांची माळ घालणारी टेक्सास गायनन

‘हॅलो, सकर!’ असं ओरडून ही बाई न्यूयॉर्कमधल्या आपल्या क्लबात गिऱ्हाइकांचं स्वागत करायची. मराठीत सांगायचं तर, ‘या, बकरे या!’ आणि बकरे खूश होऊन खिसा मोकळा करायचे.

ही टेक्सास गायनन. मूळ नाव मेरी लुईस सेसिलिया गायनन. जन्म १२ जानेवारी १८८४, टेक्सासमधल्या वेको गावात. न्यूयॉर्कला येऊन ती कोरसमध्ये नाचली, वॉडव्हिलचे, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या मिश्र खेळांचे, दौरे केले. १९१७ पासून मूकपटांत घोड्यावर बसून पिस्तूल झाडणाऱ्या बाईची कामंही केली. तरी नाव दुसऱ्या फळीतच राहिलं. तिला पुढे आणलं ते दारूबंदीनं, तेही चाळिशी गाठल्यावर.

१७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय बनवणं, विकणं, वाहून नेणं गुन्हा ठरलं. पिणं मात्र गुन्हा नव्हता. म्हणजे गिऱ्हाईक निर्धास्त आणि मान अडकणार ती विकणाऱ्याची. बाईचं सगळं गणित या फटीवर उभं होतं. टॅक्सीवाला आणि चोरट्या दारूचा व्यापारी लॅरी फे यानं १९२४ मध्ये पश्चिम ४५ व्या रस्त्यावर ‘एल फे’ क्लब काढला आणि तिला यजमानीण म्हणून आणलं. मी दारू विकत नाही, पाहुण्यांना रिझवते, हा तिचा बचाव पुढे कोर्टात टिकला.

कमाईचा मोठा भाग बिलात उघडपणे दिसायचा. टेबलावर बसण्याचा दर वेगळा, म्हणजे कव्हर चार्ज. मग बर्फ आणि जिंजर एल, म्हणजे आल्याच्या चवीचं सोडापेय. साध्या पाण्याच्या भांड्याचेसुद्धा दोन डॉलर लावल्याचं सांगतात. नाटकं सुटल्यावर गर्दी यायची आणि पहाटेपर्यंत बसायची. नाचायची जागा एवढीशी की पोरी टेबलांना खेटून नाचत. नवखी पोरगी बुजली की गिऱ्हाईक बिलाकडे बघायला लागतं, म्हणून बाई मधोमध बसून शिट्टी फुंकायची, खुळखुळा वाजवायची आणि हुकूम सोडायची, ‘या पोरीसाठी जोरात टाळ्या!’ रुबी कीलर इथं नाचायची तेव्हा जेमतेम चौदा-पंधराची होती. जॉर्ज राफ्टही इथलाच. पुढे दोघंही सिनेमात गेली.

खरी अडचण पोलिसांच्या दंडुक्याची नव्हती, कुलपाची होती. दारूच्या खटल्यांत ज्युरी सहजी शिक्षा देत नसत, कारण त्यांच्यातलेही पिणारेच. म्हणून सरकारी वकील एमरी बकनर यांनी १९२५ पासून दुसरं कलम जोरात वापरलं. दारू विकली जाते ती जागा ‘सार्वजनिक उपद्रव’ ठरवायची आणि न्यायाधीशाकडून मनाईहुकूम घ्यायचा. तिथं ज्युरी लागत नाही आणि जागेला वर्षभरापर्यंत कुलूप ठोकता येतं. ५०० ते १,००० डॉलरचा जातमुचलका देऊन मुदतीआधी उघडायची सोय कायद्यात होती, पण पुन्हा दारू सापडली की ती रक्कम गेली.

पैसा जागेत गुंतवलेला मालक अशानं बुडतो. गायननचं भांडवल मात्र चालतं-बोलतं होतं: स्वतःचा आवाज, पोरींचा ताफा, शिट्टी आणि रोजचे बकरे. एका पत्त्याला कुलूप पडलं की बिऱ्हाड दुसऱ्या पत्त्यावर. ‘एल फे’नंतर ‘डेल फे’, मग पश्चिम ५४ व्या रस्त्यावरचा ‘३०० क्लब’, त्यानंतर ‘सलॉन रॉयाल’. कुलपांची तिनं जाहिरातच केली, गळ्यात सोन्याच्या छोट्या कुलपांची माळ घालून! १९२७ मध्ये ‘३०० क्लब’वर धाड पडली तेव्हा बँडनं कैद्याच्या गाण्याची धून धरली आणि बाई मिरवणुकीत निघाल्यासारखी पोलिसांबरोबर गेली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत फुकट प्रसिद्धी. १९२९ च्या खटल्यात ज्युरीनं तिला निर्दोष सोडलं.

आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर चोरटी दारू विकणाऱ्या ‘आंटी’चे अड्डे चालले, पण त्यांचा मंत्र गुपचूप बसण्याचा. गायननचा बरोबर उलटा.

मंदी आल्यावर बकरेच उरले नाहीत. १९३१ मध्ये ताफा घेऊन ती युरोपला गेली, तर फ्रान्सनं पाऊलही ठेवू दिलं नाही. परत येऊन तिनं त्या नकाराचाच तमाशा बनवला आणि ‘पॅरिसला न झेपलेला’ अशा थाटात अमेरिकेत गावोगाव फिरवला. लॅरी फे १ जानेवारी १९३३ ला आपल्याच क्लबच्या दारवानाच्या गोळीनं मेला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला दौऱ्यावर असताना गायनन कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या रुग्णालयात वारली, ४९ व्या वर्षी. बरोबर महिन्यानं, ५ डिसेंबरला, दारूबंदी उठली.

दुखणं होतं अमिबाच्या हगवणीचं. त्या वर्षी जागतिक प्रदर्शनाच्या गर्दीत शिकागोत त्याची साथ पसरली होती आणि तिला ते तिथंच जडलं असं मानतात. साथीचा माग काढणारे हॉटेलांच्या नळांपर्यंत पोचले. जुन्या, सदोष जोडण्यांमधून मैल्याचं पाणी पिण्याच्या पाण्यात शिरत होतं.