जरा मावळतीकडं सरक!

मे महिन्यात आजोळी गेलो की पहिले दोन दिवस माझी फजिती ठरलेली. पंगतीत मामा म्हणायचा, "जरा मावळतीकडं सरक, तात्यांना बसू दे." मी ताट धरून तसाच उभा. डावं-उजवं मला कळायचं, पण मावळत कुठं ते बघायला पडवीत जावं लागायचं. मामाला मात्र खिडकी नसलेल्या माजघरात, रात्री, दिवे गेलेले असतानाही ते ठाऊक असायचं. गावाकडचं बोलणं म्हणून मी तेव्हा विषय सोडून दिला.

पुढे ऑस्ट्रेलियातल्या गुगू यिमिथिर लोकांविषयी वाचलं आणि मामा आठवला. १७७० मध्ये कॅप्टन कुकचं 'एन्डेव्हर' जहाज प्रवाळ खडकावर आपटलं आणि दुरुस्तीसाठी ईशान्य ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलं. तिथं भेटले ते हेच लोक. 'कांगारू' हा शब्द इंग्रजीत गेला तो त्यांच्याकडूनच. ('कांगारू म्हणजे मला माहीत नाही' ही गोष्ट अजून फिरत असते. ती खोटी आहे. एका जातीच्या कांगारूला ते खरंच 'गंगुरू' म्हणतात.) त्यांच्या भाषेत डाव्या हाताला शब्द आहे, उजव्या हातालाही आहे. पण वस्तू कुठं आहे हे सांगायला ते शब्द वापरतच नाहीत. सगळं पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. मुंगी चावायला आली तर ती पायाच्या उत्तरेला असते.

या भाषेचे अभ्यासक जॉन हॅविलंड यांनी १९८० मध्ये एका वृद्धाची आठवण चित्रित केली. समुद्रात होडी उलटली आणि दोघं जण पोहत किनाऱ्याला लागले, त्याची ही हकीकत. होडी कशी उलटली हे सांगताना पश्चिमेकडं तोंड करून बसलेल्या या गृहस्थांनी हात आपल्यापासून पुढं लोटला. दोन वर्षांनी स्टीफन लेव्हिन्सन यांनी तीच हकीकत त्यांच्याकडून पुन्हा ऐकली. या खेपेला ते उत्तरेकडं तोंड करून बसले होते आणि हात उजवीकडून डावीकडं गेला. दोन्ही वेळा होडी पूर्वेकडून पश्चिमेकडंच उलटली! आपण अपघाताची गोष्ट सांगतो तेव्हा ट्रक कुठल्या दिशेनं आला हे इतकं जपून ठेवतो का?

हे निव्वळ बोलण्यापुरतं आहे की डोक्यातही असंच साठवलं जातं? ते पाहायला लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी एक सोपा प्रयोग केला. मेजावर खेळण्यातले प्राणी ओळीनं मांडायचे, सगळ्यांची तोंडं उजवीकडं. माणसानं ते नीट पाहायचे, मग त्याला पाठीमागच्या मेजाकडं वळवायचं आणि सांगायचं, 'होती तश्शी रांग लाव.' नेदरलँड्समधल्या लोकांनी प्राण्यांची तोंडं पुन्हा उजवीकडंच केली. मेक्सिकोतल्या त्सेल्ताल भाषकांपैकी बहुतेकांनी ती डावीकडं केली. माणूस अर्धं वर्तुळ फिरला होता, प्राण्यांची दिशा मात्र त्यांनी फिरू दिली नव्हती. त्सेल्ताल लोक डोंगरउतारावर राहतात आणि सपाट मेजावरच्या बाटलीलाही 'चढाकडची' म्हणतात. कोकणात 'वरची आळी, खालची आळी' म्हणणाऱ्यांना यात फारसं नवल वाटू नये.

भाषेत दिशा जशी सांगायची सवय, तशीच ती डोक्यातही साठते, असा यातून निष्कर्ष निघाला आणि त्यावर वाद झाला. पेगी ली आणि लीला ग्लाइटमन यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांवर असेच प्रयोग केले आणि दाखवलं, की आजूबाजूला ठळक खुणा असल्या की तेही उत्तर बदलतात. म्हणजे भाषेइतकाच परिसराचाही हात असेल. मला हा आक्षेप रास्त वाटतो, पण त्यानं सगळं उलगडत नाही. पियरे डासेन आणि रमेश मिश्र यांनी वाराणसीत पाहिलं, तर संस्कृत पाठशाळांतली मुलं हिंदी शाळांतल्या मुलांपेक्षा दिशांचा आधार जास्त घेत होती. शहर एकच. फरक रोजच्या वळणाचा. संध्येला कुठं तोंड करायचं, जेवायला कसं बसायचं, हे ज्याला दररोज पाळावं लागतं त्याच्या डोक्यातली दिशा सहसा ढळत नाही. बालीमध्येही 'काजा' म्हणजे डोंगराकडं आणि 'केलोद' म्हणजे समुद्राकडं. देवघर कुठं बांधायचं आणि झोपताना उशी कुठं घ्यायची हे त्यावर ठरतं.

याहून चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे काळ. ऑस्ट्रेलियातल्याच पोर्मपुराव वस्तीत लेरा बोरोडिट्स्की आणि ॲलिस गॅबी यांनी लोकांना चित्रं दिली आणि ती घडली त्या क्रमानं लावायला सांगितली. आपण ती डावीकडून उजवीकडं लावू. तिथं दक्षिणेकडं तोंड करून बसलेल्यानं तशीच लावली, पण उत्तरेकडं तोंड असेल तर उजवीकडून डावीकडं, आणि पूर्वेकडं असेल तर समोरून स्वतःच्या अंगाकडं. 'आधी' नेहमी उगवतीला, 'नंतर' मावळतीला.

आता मराठीकडं बघा. 'पूर्व' म्हणजे दिशा आणि 'पूर्वी' म्हणजे आधी. 'पश्चिम' आणि 'पश्चात' यांचंही तसंच नातं. संस्कृतात 'पूर्व' म्हणजे समोरचा, 'पश्चिम' म्हणजे मागचा आणि 'दक्षिण' म्हणजे उजवा. दक्षिणावर्ती शंख त्यातलाच. उगवत्या सूर्याकडं तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाचं शरीर या शब्दांत गोठून बसलंय. गंमत अशी, की 'पूर्वी'मध्ये समोर भूतकाळ आहे आणि 'पुढच्या आठवड्यात' म्हणताना समोर भविष्य. दोन्ही चाली आपण एकाच वाक्यात बिनदिक्कत वापरतो. दक्षिण अमेरिकेतल्या आयमारा भाषेत मात्र भूतकाळ सरळ समोर असतो, कारण तो पाहिलेला असतो. भविष्य पाठीमागं.

शेतीच्या खरेदीखतात अजूनही चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमक्याचा गट, दक्षिणेस ओढा. 'उजवीकडं ओढा' लिहून चालणारच नाही, वाचणारा कुठं तोंड करून उभा असेल कोण जाणे.

परवा बऱ्याच वर्षांनी गावी निघालो आणि फाट्यावर चुकलो. मामाला फोन लावला. "शाळा लागली की दक्षिणेला वळ," तो म्हणाला. मी मोबाइलवरच्या नकाशात दक्षिण शोधायला लागलो. मी वळलो की नकाशाही माझ्यासोबत वळत होता.