लाईट गेली, डाव गेला : दूरदेशीच्या बुद्धिबळाची जुनी अडचण

सोलापुरातल्या जुन्या चाळींच्या ओट्यांवर खेळलं जाणारं देशी बुद्धिबळ आठवणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर सरकायचं. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) नव्हता, त्याऐवजी राजाला शह बसायच्या आत एकदाच घोड्यासारखी उडी मिळायची. प्याद्याने मात दिली की जिंकणाऱ्याची मान आठवडाभर ताठ. आणि घड्याळ? ते भिंतीवर असायचं. समोरचा विचार करत बसला तर आपण तंबाखू मळायची, एवढंच.

आज अशोक चौकातला एखादा पोरगा रात्री अकरा वाजता मोबाईलवर ब्राझीलच्या माणसाशी तीन मिनिटांचा डाव लावतो : ज्याची तीन मिनिटं आधी संपली तो हरला. पट तोच, चौसष्ट घरांचा. मधल्या दोनशे वर्षांत सगळी खटपट झाली ती एकाच गोष्टीसाठी : खेळी पोचायला लागणारा वेळ कुणाच्या खात्यावर मांडायचा?

पत्रांच्या काळात हा प्रश्न फारसा बोचत नव्हता. लंडन आणि एडिंबरा या शहरांच्या क्लबांमध्ये 1824 ते 1828 असा चार वर्षं पत्रांतून सामना चालला आणि एडिंबराने तो जिंकला. डावाच्या पहिल्या खेळ्यांची ‘स्कॉच’ नावाची सुरुवात तिथूनच रूढ झाली. हे साहेबाचे चोचले म्हणून सोडून देऊ नका. 1828-29 मध्ये मद्रास आणि हैदराबाद यांच्यातही पत्रांनी सामना झाला होता. मद्रासच्या बाजूचा घुलाम कासीम याने जेम्स कॉक्रन याच्यासोबत 1829 मध्ये एका सुरुवातीवर पुस्तकही काढलं. आपल्या शेजारच्या हैदराबादला खेळी टपालाने येत-जात होती, तेव्हा सोलापुरात पहिली गिरणीसुद्धा उभी राहिली नव्हती.

पोस्टकार्डवर खेळी लिहायची तर भाषेची पंचाईत. त्यावर तोडगा निघाला आकड्यांचा. उभ्या पट्ट्यांना एक ते आठ, आडव्यांना एक ते आठ. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकायचं असेल तर फक्त 5254 लिहायचं : पाचव्या पट्टीतल्या दुसऱ्या घरातून पाचव्यातल्या चौथ्या घरात. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या आमच्या गावाला या युक्तीचं मोल वेगळं सांगायला नको.

तार आली तसं बुद्धिबळ लगेच तारेवर चढलं. वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यात 1844 मध्येच, म्हणजे मोर्सची तार सुरू झाली त्याच वर्षी, डाव झाले. सप्टेंबर 1945 मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ रेडिओवरून भिडले. सोव्हिएत संघाने साडेपंधरा विरुद्ध साडेचार असा धुव्वा उडवला. 1965 मध्ये अमेरिकेच्या बॉबी फिशरला क्यूबातल्या हवानाच्या स्पर्धेला जायची परवानगी मिळाली नाही, तर तो न्यूयॉर्कच्या मार्शल क्लबमध्ये बसून टेलिप्रिंटरवरून खेळला. प्रत्येक खेळी समुद्रापार जाऊन परत यायची, त्यामुळे त्याचे डाव तासन् तास लांबत. तरी तो दुसऱ्या क्रमांकात वाटेकरी झाला.

खरी पंचाईत झाली ती इंटरनेटवर. जानेवारी 1992 मध्ये अमेरिकेत पहिला इंटरनेट बुद्धिबळ सर्व्हर सुरू झाला. पडद्यावर चित्रं नव्हती, अक्षरांनी रचलेला पट असायचा. लोक झटपट डाव खेळू लागले आणि तक्रारी सुरू झाल्या : खेळी वाटेत अडकते आणि घड्याळ माझं पळतं! कार्नेगी मेलन विद्यापीठाचे डॅनियल स्लेटर यांच्या देखरेखीखाली यावर इलाज झाला तो ‘टाइमस्टॅम्प’चा. खेळाडूच्याच संगणकावर बसलेला हा छोटा प्रोग्रॅम खेळी नेमकी कधी केली याची नोंद ठेवायचा, म्हणजे वाटेतला उशीर खेळाडूच्या माथी येत नसे. माझ्या मते सगळ्या ऑनलाइन बुद्धिबळात याहून मोठा शोध नाही. पुढे 1995 मध्ये त्या सर्व्हरने वर्गणी लावली, आणि चिडलेल्या मंडळींनी फुकटचा वेगळा सर्व्हर काढला.

भारतात सामान्यांना इंटरनेट मिळालं ते त्याच वर्षी, 15 ऑगस्टला. आमच्यापर्यंत ते पोचलं सायबर कॅफेतून. भारनियमनाचा काळ, वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि ते सोडून भलत्याच वेळी लाईट जायची. कॅफेतली बॅटरी दहा मिनिटं तग धरायची. त्या फुकटच्या सर्व्हरवर एक माणुसकी होती : जोडणी तुटली तर डाव तहकूब होऊन जपून ठेवला जाई. (हरायला लागलं की मुद्दाम तार उपटणारे बहाद्दर निघाले, ते वेगळं.) एकदा दोन दिवसांनी परत जोडला गेलो आणि समोरच्या फिनलंडच्या गृहस्थाला तोडक्या इंग्रजीत ‘लाईट गेली होती’ असं लिहिलं. त्याने विचारलं, तुमच्याकडे सूर्य इतक्या लवकर मावळतो का?

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 2007 मध्ये चेस डॉट कॉम, 2010 मध्ये तिबो द्युप्लेसीने काढलेलं मोफत संकेतस्थळ लिचेस, 2016 पासून स्वस्त डेटा, मग लॉकडाऊन.

ऑगस्ट 2020 मधल्या ऑनलाइन ऑलिम्पियाडला, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेला, मात्र जरा थांबायला हवं. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी, संघात नागपूरची दिव्या देशमुख. रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीची पहिली फेरी तीन-तीन. दुसऱ्या फेरीत जगभर इंटरनेटचा घोळ झाला, दिव्या आणि निहाल सरीन यांची जोडणी तुटली, घड्याळातला वेळ संपला आणि डाव गेले. भारताने दाद मागितल्यावर जागतिक संघटनेने दोन्ही देशांना सुवर्ण दिलं. बऱ्याच जणांना ते सुवर्ण अर्धवट वाटलं. कॅफेत बसलेल्यांना तसं वाटलं नाही.

आता लिचेसवर समोरचा गायब झाला की थोड्या सेकंदांची उलटी मोजणी दिसते. ती संपली की दोन पर्याय येतात : विजय घ्या, नाहीतर बरोबरी द्या. मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली, वायफाय बंद पडलं. मोबाईलचा डेटा चालू करून परत आलो तेव्हा डाव संपला होता. एक हत्ती कमी होता माझा. समोरच्याने बरोबरी दिली होती.