लिंडाऊचं शहर आणि लिंडाऊचा मठ: एकाच बेटावरची दोन वेगळी राज्यं

जर्मनीतल्या बोडेनसी लेकमधल्या लिंडाऊ या बेटावरच्या शहराबद्दल काही वाचायला घेतलं की हमखास एक वाक्य येतंच, "हे शहर मठाच्या ताब्यात होतं". नव्हतं हो. निदान 1275 ते 1803 या ज्या पाचेकशे वर्षांबद्दल आपण बोलतोय त्या काळात तरी अजिबात नव्हतं.

शहराची बाजू बहुतेकांना माहीत असते, त्यामुळे ती पटकन उरकतो. 1275 च्या सुमारास ते पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाच्या थेट अखत्यारीतलं मुक्त शहर झालं, म्हणजे मध्ये दुसरा कुणी सरदार नाही, कारभार नगर परिषदेकडे, व्यापार जोरात, 1496 मध्ये साम्राज्याची सभासुद्धा इथे भरली.

आता मठ. तो शहराच्याही आधीचा, नवव्या शतकातला, बायकांचा. बेटावरची वस्ती वाढली ती बरीचशी त्याच्याच आधाराने, आणि घोळ होतो तो इथेच. मठ आधीचा म्हणून शहर त्याचं, असं लोक धरून चालतात, पण शहर मुक्त झाल्यावर मठाधिपती बाईंचा हुकूम नगर परिषदेवर चालत नव्हता आणि परिषदेचा हुकूम बाईंवर चालत नव्हता, कारण मठही स्वतंत्रपणे थेट सम्राटालाच बांधील होता. म्हणजे चालत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सहज जाता येईल एवढ्याशा बेटावर दोन सत्ता, आणि दोघींच्या वर थेट सम्राट! सोळाव्या शतकात शहर प्रोटेस्टंट झालं तरी मठ कॅथलिकच राहिला तो यामुळेच, शहराचा निर्णय त्याला लागूच नव्हता. आजही मार्केट चौकात सेंट स्टेफन हे शहराचं प्रोटेस्टंट चर्च आणि मठाचं कॅथलिक चर्च अक्षरशः शेजारी शेजारी उभी आहेत. मठाचं 1728 च्या आगीत गेलं, मग 1748 ते 1751 मध्ये बान्यातो या वास्तुविशारदाने ते नव्याने बांधलं. बघायचं तर हेच चौकातून बघा, मला तरी बंदरापेक्षा हा चौक कितीतरी मोलाचा वाटतो.

मठातल्या बायकांना सरसकट नन म्हणतात तेही खटकतं. उच्च घराण्यातल्या होत्या, आणि मठाधिपती सोडून बाकीच्यांना बाहेर पडून लग्न करता यायचं.

1803 मध्ये शहर आणि मठ दोन्ही एकदमच ब्रेट्सेनहाइम नावाच्या राजपुत्राला देऊन टाकले गेले, पुढच्याच वर्षी ते ऑस्ट्रियाकडे गेले आणि 1805 च्या तहानंतर बव्हेरिया या जर्मन राज्याकडे. दोघांचा शेवट एकत्र झाला म्हणून पुढे लिहिणाऱ्यांनी आधीचंही सगळं एकत्रच करून टाकलं असावं.

आणि बंदरावरचा तो दगडी सिंह, प्रत्येक रीलमध्ये "प्राचीन मुक्त शहराचं प्रतीक" म्हणून दिसणारा, तो 1856 चा आहे. बव्हेरियाचा सिंह. तो ना शहराचा ना मठाचा, तो बसवला तेव्हा दोन्ही सत्ता जाऊन पन्नासेक वर्षं झाली होती.