मनगट जुळलं, पण हाडाचं काय?

साठी ओलांडलेल्या बाईचा न्हाणीत पाय सरकतो, ती हात टेकते आणि मनगट मोडतं. खानदेशात धरणगाव असो की शिरपूर, पुढचा क्रम ठरलेला. एक्स-रे, प्लास्टर, नाहीतर हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून बांधलेला पट्टा; दीड महिना सगळं काम सुनेवर, मग तेलाने मालिश. हात थोडा वाकडा राहिला तरी भाकरी थापता येते, म्हणून घरही समाधानी. पण उभ्या उभ्या नुसतं पडल्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही. ते मोडलं, याचा अर्थ आतून ठिसूळ झालं असण्याची दाट शक्यता आहे, आणि नेमकं हेच त्या बाईला कुणी सांगत नाही. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, हा शब्द तिच्या कानावर पडतो तो दहा वर्षांनी, खुबा मोडल्यावर.

हा काही एका जिल्ह्याचा हलगर्जीपणा नाही. 2000 साली जगभरात अशा ठिसूळ हाडांची सुमारे 90 लाख फ्रॅक्चर झाली असा अंदाज आहे. त्यात खुब्याची 16 लाख, मनगट आणि त्यालगतच्या हाडांची 17 लाख, आणि डॉक्टरांपर्यंत पोचलेली मणक्यांची 14 लाख. पन्नाशीनंतर उरलेल्या आयुष्यात दर तीनपैकी एका बाईचं आणि दर पाचपैकी एका पुरुषाचं हाड असं मोडतं. हो, पुरुषांचंही, ‘बायकांचा आजार’ म्हणून ते तपासायला जात नाहीत, एवढंच.

हाड ही जिवंत वस्तू आहे. धाब्याच्या घरावर पावसाळ्याआधी जुनी माती खरवडून नवी खारी माती टाकतात, तसं हाडात बारा महिने चालू असतं. काही पेशी जुनं हाड खरवडतात, काही नवं भरतात, आणि दरवर्षी सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा नवा होतो. तिशीपर्यंत भर जास्त पडते. पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटतं, खरवडणाऱ्यांचा लगाम सुटतो आणि भरणारे मागे पडतात. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही बायकांच्या हाडांचा पाचवा हिस्सा झिजतो. दुखत काहीच नाही. दुखतं ते मोडल्यावर.

मणक्याचं तर मोडल्यावरही कळत नाही. ‘कंबर दुखस’ म्हणत बाई चार दिवस शेक घेते आणि पुन्हा कापूस वेचायला जाते. मणक्यांच्या फ्रॅक्चरपैकी जेमतेम एक तृतीयांश दवाखान्यात ओळखली जातात. एकेक मणका पुढच्या बाजूने दबत जातो, पाठीला बाक येतो, उंची कमी होते आणि लुगडं पायात येऊ लागतं. घरचे म्हणतात, वय झालं. चार-पाच सेंटिमीटरने उंची घटणं हे म्हातारपण नव्हे, मणक्याचा एक्स-रे काढायचं कारण आहे.

खुबा मात्र लपत नाही. तो मोडल्यावर वर्षभरात साधारण पाचातला एक रुग्ण दगावतो. हाड मोडल्याने नव्हे, तर अंथरुणाला खिळल्यावर होणाऱ्या न्यूमोनियाने, रक्ताच्या गुठळ्यांनी, शय्याव्रणांनी. म्हणून ऑपरेशन एक-दोन दिवसांत व्हायला हवं. तोरणमाळच्या बाजूच्या पाड्यावरून झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलेल्या म्हातारीसाठी ते दोन दिवस वाटेतच संपू शकतात.

खुब्याच्या फ्रॅक्चरचं प्रमाण सर्वांत जास्त नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्ककडे. तरी ओझं आपल्याकडे सरकतंय. दुसऱ्या एका अंदाजानुसार 1990 च्या सुमारास जगात वर्षाला 17 लाखांच्या आसपास खुबे मोडत. 2050 पर्यंत तो आकडा 60 लाखांच्या पुढे जाईल आणि त्यातले निम्मे आशियात असतील, असं भाकीत 1992 सालीच झालं होतं. माणसं जास्त जगू लागली, हे त्याचं मुख्य कारण. शिवाय भारतीयांचा खुबा पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच मोडताना डॉक्टर पाहतात.

भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो, मग इथे ड जीवनसत्त्व कमी कसं? ते तयार करणारे किरण पोचतात ते आपली सावली उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा, म्हणजे साधारण दहा ते तीन. आणि उन्हाळ्यात नेमक्या त्याच वेळी शहाणा माणूस घरात बसतो, बाहेर पडलाच तर डोक्यापासून रुमाल गुंडाळून. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसायचा सल्ला मनाला बरा वाटतो, हाडाला फारसा उपयोगाचा नाही. सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. मे महिन्यात दुपारी कुणी उन्हात बसावं असं मी म्हणणार नाही, उष्माघात हाडाची वाट पाहत नाही. पण हिवाळ्यात अकराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून बसायला काय हरकत आहे?

जेवणाचंही तसंच. मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला 1200. शंभर ग्रॅम ज्वारी-बाजरीत ते तीस-चाळीसच्या आसपास, नाचणीत साडेतीनशे, तिळात हजारावर. पेलाभर दुधात तीनशे, पण गावातलं दूध पहाटेच डेअरीला जातं आणि घरातल्या बाईच्या वाट्याला चहापुरतं उरतं. रावेर-यावलच्या केळीचा अभिमान जरूर असावा. कॅल्शियम मात्र तीत नावालाच.

दोन गोष्टींबद्दल जास्त बोलायला हवं. एक, ‘पिशवी काढणं’. ऐन पस्तिशी-चाळिशीत गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी गेल्यावर व्हायची ती झीज कित्येक वर्षं आधीच सुरू होते. ऑपरेशनआधी हा प्रश्न विचारायचा हक्क आहे, आणि विचारायलाच हवा. दुसरी, बाजारच्या दिवशी मिळणारी गुडघेदुखीची बिननावाची पुडी. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर तीत स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यावा; ते महिनोन्महिने पोटात गेलं की हाडं झपाट्याने पोखरतात.

तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन, हाडाची घनता मोजणारा खास एक्स-रे. 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलं, की तरुण निरोगी बाईच्या सरासरीपेक्षा हाडाची घनता अडीच प्रमाण विचलनांनी (सरासरीपासूनचं अंतर मोजायचं संख्याशास्त्रातलं माप) किंवा त्याहून कमी भरली तर ऑस्टिओपोरोसिस. मोफत शिबिरात टाच यंत्रात घालून जो आकडा देतात तो हा नव्हे. त्यावरून निदान करून औषधाचं पुडकं हातात ठेवणं मला पटत नाही. साठीनंतर नुसतं पडून खुबा किंवा मणका मोडला असेल तर उपचारासाठी स्कॅनच्या कागदाची वाट पाहायचीही गरज नसते.

एक फ्रॅक्चर झालं की पुढच्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोने 1990 च्या दशकाच्या अखेरीस साधा उपाय केला: प्लास्टर घालायला आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाचं नाव एका नर्सने टिपायचं, त्याची हाडं तपासून घ्यायची, उपचार सुरू करायचे. यंत्रणा लागली ती एवढीच. आपल्या केसपेपरवर वय आणि ‘घरात पडून’ हे शब्द असतातच, फक्त ते वाचून पुढे कुणी काही करत नाही.

औषधं आहेत, आणि जुनी आहेत. ॲलेन्ड्रोनेट 1995 पासून मिळतं: आठवड्यातून एक गोळी, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. चहाबरोबर घेतली तर ती जवळपास वायाच जाते. वर्षातून एकदा सलाइनमधून देतात त्या झोलेड्रॉनिक ॲसिडने तीन वर्षांत मणक्यांची फ्रॅक्चर 70 टक्क्यांनी आणि खुब्याची 41 टक्क्यांनी घटल्याचं 2007 च्या चाचणीत दिसलं. याउलट 2022 साली अमेरिकेतल्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत एरवी निरोगी माणसांना नुसत्या ड जीवनसत्त्वाने फ्रॅक्चर कमी झाली नाहीत. कमतरता असेल तर ते घ्यावंच, पण औषधाच्या जागी नव्हे. ॲलेन्ड्रोनेट साधारण पाच वर्षांनी थांबवायचं का, हे डॉक्टर ठरवतात. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन मात्र ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मनाने बंद करू नये. दुसरं औषध सुरू न करता ते चुकवलं, तर काही जणांचे मणके लागोपाठ मोडतात.