बंद फाटकाआड अंग आंबतं तेव्हा

11 जुलै 2022. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलच्या वर्ल्ड कप स्टेडियमवर, टॉटनहॅम या लंडनच्या फुटबॉल क्लबचा सराव बघायला सुमारे सहा हजार माणसं जमली होती. सामना नव्हता, नुसता सराव. उकाडा चांगलाच होता. चेंडूचं काम आटोपल्यावर प्रशिक्षक आंतोनिओ काँते आणि त्यांचे फिटनेस प्रशिक्षक जान पिएरो व्हेंत्रोने यांनी सगळ्यांना पळायला लावलं: मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, 42 वेळा. संघाचा हुकमी गोलवीर हॅरी केन कडेला जाऊन ओकला. कोरियाचाच सोन ह्युंग-मिन, ज्याला बघायला ती गर्दी आली होती, तो गवतावर आडवा झाला. एरवी हा सगळा प्रकार कुंपणाआड होतो, त्या दिवशी तो कॅमेऱ्यांसमोर झाला एवढंच.

जुलै हा युरोपातल्या क्लबांच्या चाहत्यांचा उपासाचा महिना. लीग ऑगस्टमध्ये सुरू होते आणि तोवर क्लब दिवसाकाठी वीस-पंचवीस निवडक फोटो सोडतो. मग त्या फोटोंवर भिंग लावून संशोधन सुरू होतं. अमुक जण एकाही फोटोत नाही, म्हणजे जखमी की विकला? तमक्याच्या मांडीला पट्टी का? पुण्यात रात्री जागून प्रीमियर लीग बघणारी आमची टोळीही यात मागे नाही. फाटक उघडं असतं तर सगळं कळलं असतं, हे त्यातलं कायमचं गाऱ्हाणं. मला ते पटत नाही. फाटक उघडं असतं तर दिसलं बरंच असतं, पण जे दिसलं असतं त्याने फसगतच झाली असती.

कारण हंगामपूर्व सराव बघणारा माणूस थकलेली माणसं बघत असतो, आणि थकवा हा क्षमतेवरचा पडदा असतो. 1970च्या दशकात कॅनडात एरिक बॅनिस्टर आणि सहकाऱ्यांनी याचं साधं गणित मांडलं. प्रत्येक कसरत शरीरात दोन गोष्टी मागे ठेवते: क्षमता आणि थकवा. थकवा मोठा असतो, पण लवकर ओसरतो, ढोबळमानाने एक-दोन आठवड्यांत. क्षमता हळू चढते आणि हळूच उतरते. आज मैदानावर जे दिसतं ती या दोन्हींची वजाबाकी. म्हणून तिसऱ्या आठवड्यात, सराव अगदी नीट चाललेला असतानाच, संघ सर्वांत वाईट दिसू शकतो. मैत्रीपूर्ण सामन्यात खालच्या विभागातल्या संघाकडून 3-0 हरल्यावर गळे काढणाऱ्यांनी ही वजाबाकी भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

मुळात इतकं पळवायची गरज का पडते? सुट्टीत शरीर फार लवकर विसरतं. संशोधक एडवर्ड कॉइल यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दमदार, सहनशक्तीचा सराव असलेल्या खेळाडूंनी सराव पूर्ण थांबवला. तीन आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी घसरली, आठ आठवड्यांत 16 टक्क्यांनी. गंमत अशी की सुरुवातीची घसरण पायांत नसून रक्तात असते. रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, कमी होतो. मग हृदयात भरणारं रक्त कमी, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही कमी. उलट कसरत आणि उष्णता मिळाली की हाच रक्तद्रव काही दिवसांत वाढतो. सोलचा उकाडा त्या दृष्टीने नुसता छळ नव्हता. अर्थात 42 फेऱ्याच का, 30 का नाही, याचं उत्तर विज्ञानाकडे नाही. त्यात थोडा भाग मन घडवण्याचा असतो, आणि प्रशिक्षकाच्या हट्टाचाही.

आता अंग आंबण्याबद्दल. पहिल्या दिवसाच्या सरावानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात, चढताना तितक्या नाही. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, आणि या प्रकारच्या कामाने त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. लोक याचा दोष लॅक्टिक आम्लाला देतात, पण ते तासाभरात निपटलेलं असतं. आणि हीच कसरत आठवड्याने पुन्हा केली तर दुखणं कितीतरी कमी होतं. एका माराने स्नायू शहाणा होतो.

फुटबॉलमध्ये या शहाणपणाची सर्वांत जास्त गरज असते ती मांडीच्या मागच्या स्नायूला, हॅमस्ट्रिंगला. भरधाव पळताना पाय पुढे फेकला की जमिनीला टेकण्याच्या आधीच्या क्षणी हा स्नायू पूर्ण ताणलेला असतो आणि त्याच क्षणी त्याला पायाला ब्रेक लावायचा असतो. संशोधक यान एकस्ट्रांड यांच्या गटाने युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेसाठी 2001पासून युरोपातल्या बड्या क्लबांच्या दुखापतींची नोंद ठेवली आहे. पहिल्या हंगामात एकूण दुखापतींपैकी 12 टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या, 2021-22मध्ये 24 टक्के. खेळ वेगवान झाला, सामने वाढले, ही त्याची संभाव्य कारणं.

त्यावरचा एक उपाय मात्र हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून स्वतःला पुढे, शक्य तितकं सावकाश पडू द्यायचं. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग म्हणतात याला. डेन्मार्कमध्ये पन्नास संघांतल्या नऊशेहून जास्त खेळाडूंवर याची चाचणी झाली आणि 2011 साली निष्कर्ष आले: दहा आठवड्यांचा हा कार्यक्रम करणाऱ्या संघांत या दुखापती निम्म्याहूनही कमी. यंत्र नाही, खर्च नाही. तरीही बरेच क्लब तो नेटाने करत नाहीत, कारण सुरुवातीला अंग आंबतं आणि खेळाडू कुरकुरतात. ही कुरकुर सोसायला हंगामपूर्व सरावाइतका सोयीचा काळ दुसरा नाही.

मग फाटक कशासाठी बंद? काही कारणं रास्त आहेत. कॉर्नर आणि फ्रीकिकच्या ठरवलेल्या चाली खरोखर लपवण्याजोग्या असतात, आणि खेळाडूची दुखापत ही त्याची खासगी बाब आहे. पण चोरून बघण्याने किती मिळतं, याचा एक नमुना आहे. जानेवारी 2019मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या विभागातल्या लीड्स युनायटेडने त्याच विभागातल्या डर्बी काउंटीच्या सराव मैदानाबाहेर, सामन्याआधी, माणूस पाठवला, तो पकडला गेला, पोलीस आले. लीड्सचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी पत्रकारांना बोलावून तासाहून जास्त वेळ स्लाइड दाखवल्या आणि सगळ्याच प्रतिस्पर्ध्यांचे सराव असे पाहिल्याचं कबूल केलं. मनाची घालमेल कमी व्हावी म्हणून आपण हे करतो, असंही सांगितलं. क्लबला दोन लाख पौंड दंड झाला, आणि सामन्याआधीच्या 72 तासांत प्रतिस्पर्ध्याचा सराव बघायला बंदी आली. लीड्सने तो सामना 2-0 जिंकला खरा. पण मे महिन्यात, वरच्या विभागात जाण्यासाठीच्या प्लेऑफच्या उपांत्य फेरीत त्याच डर्बीने लीड्सला त्यांच्याच मैदानावर 4-2 हरवून बाहेर काढलं.

टॉटनहॅमचं पुढे काय झालं? पहिल्या सात लीग सामन्यांत पाच विजय, दोन बरोबरी. सोनला मात्र गोल सापडेना, सप्टेंबरात त्याला बाकावर बसवलं. लेस्टरविरुद्ध तो बदली म्हणून उतरला आणि तेरा मिनिटांत तीन गोल केले. यातलं किती त्या 42 फेऱ्यांमुळे, हे कोणीही छातीठोकपणे सांगू नये. संघ शेवटी आठवा आला आणि काँते त्याआधीच, मार्चमध्ये गेले होते.

आपल्या कोल्हापुरात फुटबॉल संघांची नावंच पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशी आहेत. सामन्याआधी घाम गाळावा लागतो हे तिथे वेगळं सांगावं लागत नाही. किती गाळायचा, हा खरा प्रश्न. त्यासाठी आज खेळाडूच्या पाठीवर जीपीएसचा डबा असतो. ताशी 25 किलोमीटरच्या वर तो किती मीटर पळाला, किती वेळा ब्रेक मारला, सगळं मोजलं जातं. पण अनेक क्लब त्याच्या जोडीला संशोधक कार्ल फॉस्टर यांची पद्धत वापरतात, जिला कागद-पेन्सिल पुरते. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचं, शून्य ते दहात किती जड गेलं? उत्तराला मिनिटांनी गुणायचं. नव्वद मिनिटं आणि सात म्हणजे 630. आठवड्याची बेरीज एकदम उसळली की सावध व्हायचं.

यात एकच गोची आहे. शनिवारी संघात जागा हवी असलेला पोरगा घामाने निथळत, धापा टाकत उभा असतो आणि सांगतो, चार.