वेल्श प्रेमचमच्यांवरील चिन्हे

वेल्समधील ग्रामीण तरुण आपल्याला आवडलेल्या मुलीला देण्यासाठी जो लाकडी चमचा स्वतः कोरत, त्याला प्रेमचमचा म्हणतात. ‘काउल’ नावाचे मांस-भाज्यांचे पातळ कालवण लाकडी चमच्याने खाण्याची तिथे रीत होती आणि याच घरगुती वस्तूचा दांडा हळूहळू रुंद व नक्षीदार होत गेला. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स येथील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात १६६७ हे वर्ष कोरलेला चमचा आहे. लाकूड बहुधा सिकॅमोरचे असे, कारण ते तासायला सोपे असून अन्नाला वास किंवा चव लावत नाही.

दांड्यावरील हृदय म्हणजे प्रेम, चाक म्हणजे ‘तुझ्यासाठी कष्ट करीन’ ही ग्वाही, तर किल्ली किंवा कुलपाचे भोक म्हणजे ‘माझे घर ते तुझे’, असे अर्थ सांगितले जातात. जहाजाचा नांगर स्थिरावण्याची इच्छा दाखवतो, नाल सुदैव सुचवते, आणि एकाच दांड्याला जोडलेल्या दोन वाट्या जोडप्याचे ऐक्य दर्शवतात. स्वल्पविरामासारखी एक वळणदार आकृती आत्म्याची खूण मानली जाते. तिचा संबंध थेट प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीशी जोडणारे मत मात्र जपूनच घ्यावे.

साखळी आणि पिंजऱ्यातील गोळे यांची गोष्ट वेगळी आहे. दांड्यात उभ्या पट्ट्या राखून त्यांच्या आतले लाकूड कोरत कोरत गोळा सुटा केला जातो. तो बाहेरून घातलेला नसतो, म्हणूनच तो आत खुळखुळतो पण निघत नाही. साखळीही सांधा न देता एकाच लाकडातून काढतात, त्यामुळे एक कडी तडकली की सगळी मेहनत वाया जाते. गोळ्यांची संख्या म्हणजे हव्या असलेल्या अपत्यांची संख्या असे म्हणतात, पण मुलीला आणि तिच्या घरच्यांना त्यातून प्रथम दिसे ते कोरणाऱ्याचे कसब व चिकाटी.

चिन्हांचा असा ठरीव कोश जुन्या कारागिरांपुढे होता, असे मानण्यास फारसा आधार नाही. जुन्या चमच्यांवर आद्याक्षरे, वर्षे आणि केवळ शोभेची भौमितिक नक्षीही आढळते. प्रत्येक चिन्हाचा एकच नेमका अर्थ सांगण्याची पद्धत प्रामुख्याने विसाव्या शतकात, पर्यटकांसाठी चमचे बनू लागल्यावर रुळली. लाल ड्रॅगनसारखी राष्ट्रीय चिन्हेही आजच्या चमच्यांवर सर्रास दिसतात; हे चमचे आता विवाह, बारसे आणि वेल्समध्ये प्रेमिकांची संत मानल्या जाणाऱ्या ड्विनवेनच्या दिनी, २५ जानेवारीला, भेट म्हणून दिले जातात.